कर्नलमधलं रिकर्शन शोधायचं कसं, आणि नोंदवायचं कसं

आपण लिहिलेल्या साध्या सी प्रोग्रॅममध्ये रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं, हाताबाहेर गेलं तर सेगमेंटेशन फॉल्ट येतो, प्रोग्रॅम मरतो आणि आपण तो दुरुस्त करून परत चालवतो. लिनक्सवर अशा प्रोग्रॅमला सहसा ८ एमबीपर्यंत स्टॅक, म्हणजे फंक्शन कॉलचा हिशेब ठेवणारी मेमरी, मिळतो, त्यामुळे हजारो पायऱ्या खाली जाईपर्यंत काही कळतही नाही. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत मात्र ही चैन नसते. ६४ बिट इंटेल-एएमडी मशीनवर लिनक्स कर्नलचा स्टॅक प्रत्येक थ्रेडला १६ केबी असतो. २०१४ साली आलेल्या ३.१५ आवृत्तीच्या आधी तो ८ केबीच होता. एमआयटीच्या एक्सव्ही६ या शिकवण्याच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तर एका प्रोसेसला कर्नल स्टॅक म्हणून एकच पान, ४०९६ बाइट. तो वाढत नाही.

परभणी जिल्ह्यातली वालूरची बारव पाहिली असेल तर कर्नल स्टॅकचं चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. पायऱ्या मोजक्या, उतरायचं खाली, आणि जितक्या उतरलात तितक्याच चढून वर यायचं. स्टॅकही मोठ्या पत्त्याकडून लहान पत्त्याकडे, खालीच वाढतो. प्रत्येक फंक्शन कॉल म्हणजे एक पायरी. किती पायऱ्या उतरणार हे आधी माहीत नसेल तर उतरू नये.

नांदेड, लातूर, परभणी, संभाजीनगरकडच्या कॉलेजांत ऑपरेटिंग सिस्टिमचा मिनी प्रोजेक्ट घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. वर्गात रिकर्शन म्हणजे फॅक्टोरियल आणि हनोईचे मनोरे, एवढ्यावरच विषय आटोपतो. खऱ्या सिस्टिमच्या कोडमध्ये ते कुठं दडलेलं असतं आणि सापडल्यावर काय लिहायचं, हे कुणी सांगत नाही. सापडणं हा अर्धाच भाग, आणि सोपा. नोंदीची खरी किंमत 'हे थांबतं कशामुळे' या एका ओळीत असते.

(फंक्शनांची आणि कमांडची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. मशीनवर ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

१. काय काय लागेल

लिनक्स हवं. लॅबच्या मशीनवर विंडोज असेल तर डब्ल्यूएसएलमधलं उबुंटू चालतं. त्यात गिट, मेक, रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेसाठीचा जीसीसी कंपायलर आणि त्याच्यासोबतचे ऑब्जडम्प (बायनरी उलगडून दाखवणारा) वगैरे, क्यूईएमयू (मशीनची नक्कल करणारा), अनेक आर्किटेक्चरवर चालणारा जीडीबी डिबगर, सीस्कोप (कोडमध्ये शोधायला), सीफ्लो (कोण कोणाला बोलावतं ते दाखवणारा) आणि ग्राफव्हिझ (ग्राफसाठी). ऑक आणि टीसॉर्ट आधीपासून असतातच.

कागदपत्रं म्हणाल तर तीन: कोडची नेमकी आवृत्ती, म्हणजे गिटचा कमिट क्रमांक, कंपायलरची आवृत्ती, आणि मेकफाइलमधले कंपायलरचे पर्याय जसेच्या तसे. हे तिन्ही रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाका. कंपायलर बदलला की स्टॅकचे आकडे बदलतात, आणि मग गाईड सरांच्या लॅपटॉपवर तुमचे आकडे जुळत नाहीत.

४ जीबी रॅम पुरते. नेटचं म्हणाल तर एक्सव्ही६ अगदी लहान आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मिनिटात उतरतं. लिनक्सचा अख्खा इतिहास क्लोन करायला मात्र गावाकडे बसू नका, दिवसाचं दीड जीबीचं पॅक त्यातच जाईल. लागलाच तर डेप्थ एक देऊन फक्त शेवटची प्रत घ्या.

२. सुरुवात लहान कर्नलपासून करा

थेट लिनक्सला हात घालायचा मोह सगळ्यांना होतो, कारण रिपोर्टवर नाव भारी दिसतं. घालू नका. एक्सव्ही६ हे १९७५ च्या युनिक्स सहाव्या आवृत्तीच्या धर्तीवर २००६ साली एमआयटीत लिहिलं गेलं, आणि २०१९ पासून त्याची रिस्क-फाइव्ह आवृत्ती शिकवली जाते. कर्नल दहा हजार ओळींच्या आत आहे. सगळं वाचून होतं, म्हणून तुमच्या साधनानं काय चुकवलं हे हातानं पडताळता येतं. लिनक्सवर ते शक्य नाही.

इथं एक अडथळा हमखास येतो. कोणीतरी पेनड्राइव्हवर दिलेली जुनी प्रत आणि जीसीसी १२ किंवा त्यापुढचा कंपायलर अशी जोडी असेल तर बिल्ड शेलच्या फाइलवर थांबतं आणि 'अनंत रिकर्शन आढळलं' अशी एरर येते. जीसीसीनं हे वॉर्निंग २०२२ मध्ये नवीन आणलं, आणि एक्सव्ही६ची मेकफाइल प्रत्येक वॉर्निंगला एरर मानते. शेलमधलं रनसीएमडी हे फंक्शन स्वतःला बोलावतं आणि कधीच परतत नाही, शेवटी एक्झिटच करतं. कंपायलरला तेवढंच खटकतं. कोड बरोबर आहे. नवी प्रत घ्या, किंवा रनसीएमडीवर 'परतत नाही' असं सांगणारं नोरिटर्न ॲट्रिब्यूट लावा. आणि हो, ही एरर म्हणजे तुमच्या प्रोजेक्टचा निष्कर्ष नव्हे. ती शेलची आहे, कर्नलची नाही.

३. थेट रिकर्शन: स्वतःला हाक मारणारी फंक्शनं

आधी सीफ्लो चालवून बघा. रिकर्सिव्ह फंक्शनांपुढे तो खूण करतो आणि पहिल्यांदा ते कुठं आलं त्या ओळीचा क्रमांक देतो. अंदाज यायला छान, पण मॅक्रो आले की गडबडतो. म्हणून पुरावा म्हणून बायनरीच वापरा.

मेक केल्यावर कर्नलची फाइल तयार होते. तिच्यावर ऑब्जडम्प चालवा, पण सोर्स न मिसळता, नुसतं डिसअसेंब्ली. एक्सव्ही६ स्वतःच एक डॉट-एएसएम फाइल बनवून ठेवतं. तिच्यात सीच्या ओळी मधेमधे असतात, आणि ग्रेप करताना कमेंटमधली नावंही पकडली जातात. वाचायला ती ठेवा, मोजायला नको.

आता ऑकला सांगायचं: कोनी कंसात नाव आणि पुढे कोलन असलेली ओळ आली की ते चालू फंक्शन, त्याखाली कॉलच्या सूचनेत (इन्स्ट्रक्शनमध्ये) दुसरं नाव दिसलं की 'बोलावणारा, बोलावलेला' अशी जोडी छापायची. या सगळ्या जोड्या म्हणजेच कॉल-ग्राफ. हे करताना तीन ठिकाणी लक्ष द्या.

एक्सव्ही६ रिलॅक्सेशन (लिंकरनं लांब कॉल आखूड करणं) बंद ठेवून कंपाइल होतं. त्यामुळे बरेच कॉल दोन सूचनांत येतात, आणि ज्याला बोलावलं त्याचं नाव ओळीच्या शेवटी, हॅशनंतरच्या टिपेत असतं. 'कमेंट कशाला हव्या' म्हणून हॅशपुढचं सगळं उडवलंत तर निम्मा ग्राफ गेला.

नावापुढे अधिकचं चिन्ह आणि एखादा आकडा असेल तर ती त्याच फंक्शनच्या आतली उडी आहे, फॉर किंवा व्हाइल लूपची. तिला रिकर्शन मोजू नका. पहिल्या प्रयत्नात ज्याची यादी शंभर फंक्शनांची होते, त्याचं इथंच चुकलेलं असतं.

तिसरं, ऑप्टिमायझेशन. एक्सव्ही६ ओ-१ पातळीवर कंपाइल होतं, लिनक्स सहसा ओ-२ वर. ओ-२ वर कंपायलर शेवटच्या कॉलची साधी उडी करून टाकतो. मग सोर्समध्ये रिकर्शन दिसतं, बायनरीत लूप असतो आणि स्टॅक वाढतच नाही. दोन्ही खरं आहे. नोंदीत दोन्ही लिहा.

जोड्यांच्या यादीत दोन्हीकडे एकच नाव असलेल्या ओळी गाळून काढा. एक्सव्ही६च्या मूळ कर्नलमध्ये थेट रिकर्शन म्हणून एकच नाव हाती लागेल: व्हीएम डॉट सी मधलं फ्रीवॉक. प्रोसेसची पेज टेबलं (व्हर्च्युअल पत्त्यांची खऱ्या पत्त्यांशी सांगड घालणारी) मोकळी करणारं फंक्शन.

४. आडून येणारं रिकर्शन

क ने ख ला, ख ने ग ला आणि ग ने परत क ला बोलावलं, तर हे नजरेनं सापडत नाही. इथं जोड्यांची फाइल कामाला येते.

टीसॉर्ट ही जुनी कमांड जोड्या घेऊन क्रम लावते, आणि वर्तुळ आलं की 'लूप आहे' म्हणून ओरडते. झटपट तपासायला उत्तम. पण दोन्हीकडे एकच नाव असलेली जोडी ती लूप मानत नाही, नुसती नोंद समजते. म्हणजे फ्रीवॉक तिला दिसणारच नाही. म्हणूनच थेट रिकर्शन आधी वेगळं काढायला सांगितलं. शिवाय टीसॉर्ट एक वर्तुळ दाखवून ते तोडते आणि पुढे जाते, त्यामुळे एकात एक गुंतलेली वर्तुळं पूर्ण कळत नाहीत.

पूर्ण गट हवे असतील तर ग्राफव्हिझबरोबर येणारं एससीसीमॅप वापरा. ज्या फंक्शनांपासून एकमेकांपर्यंत जाता येतं आणि परतही येता येतं, त्यांचे गट ते काढतं. असे गट काढण्याचा प्रसिद्ध अल्गोरिदम रॉबर्ट टार्जन यांनी १९७२ मध्ये मांडला. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरला तुम्ही तो पाठही केला असेल.

एक्सव्ही६वर चालवलंत की आठ-नऊ फंक्शनांचा एक गट समोर येतो: प्रिंटएफ, ॲक्वायर, रिलीज, पॅनिक, कन्सपुटसी, यूएआरटीपुटसी-सिंक, पॉप-ऑफ वगैरे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं की आपली स्क्रिप्टच चुकली. स्क्रिप्ट बरोबर आहे. प्रिंटएफ छापण्याआधी लॉक घेण्यासाठी ॲक्वायरला बोलावतं. ते लॉक याच सीपीयूनं आधीच घेतलेलं असेल तर ॲक्वायर पॅनिकला (गंभीर चुकीवर कर्नल थांबवणाऱ्या फंक्शनला) बोलावतं. पॅनिकला निरोप छापायचा असतो, म्हणून ते पुन्हा प्रिंटएफला. वर्तुळ पूर्ण.

मग हे फिरत का राहत नाही? कारण पॅनिक सुरू होताच एक झेंडा लावतं, आणि तो पाहून प्रिंटएफ लॉक घेण्याचं टाळतं. व्हेरिएबलचं नाव आवृत्तीप्रमाणे वेगळं आहे, तुमच्या प्रतीतलं बघून लिहा. म्हणजे ग्राफमध्ये वर्तुळ आहे, प्रत्यक्ष चालताना ते झेंड्यानं तुटतं. साधनाला हे कळणं शक्य नाही, ते तुम्हालाच कोड वाचून लिहावं लागतं. अनेक रिपोर्टांत हा गट 'फॉल्स पॉझिटिव्ह' असा शेरा मारून उडवलेला असतो. माझ्या मते तो सगळ्यात महत्त्वाचा गट आहे. उद्या कोणी झेंडा लावणारी ओळ चुकून दोन ओळी खाली सरकवली, तर एरर छापतानाच कर्नल स्टॅक संपवेल आणि स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

५. ग्राफला न दिसणारे कॉल

फंक्शन पॉइंटरमधून गेलेला कॉल डिसअसेंब्लीत नुसत्या रजिस्टरच्या नावानं येतो, फंक्शनचं नाव नसतं. अशा ओळी वेगळ्या काढा. एक्सव्ही६मध्ये त्या थोड्याच आहेत: सिस्टिम कॉलचं टेबल, आणि फाइल वाचता-लिहिताना वापरलेलं डिव्हाइसचं टेबल. त्या टेबलांत कोणती फंक्शनं भरली आहेत ते सीस्कोपनं शोधा, जोड्या हातानं फाइलमध्ये टाका आणि एससीसीमॅप पुन्हा चालवा. जीसीसी १० पासून कॉल-ग्राफ काढून देणारा पर्यायही आहे. त्यात असे आडवळणी कॉल एका वेगळ्या ठोकळ्याकडे दाखवले जातात, म्हणजे निदान विसरत तरी नाहीत.

लिनक्समध्ये हाच भाग खरा अवघड. नेटवर्कचं पॅकेट पाठवणारं फंक्शन डिव्हाइसच्या पॉइंटरमधून ड्रायव्हरला बोलावतं. ते डिव्हाइस टनेल असेल तर ड्रायव्हर पॅकेट गुंडाळून पुन्हा त्याच पाठवणाऱ्या फंक्शनकडे देतो. टनेलवर टनेल चढवले की खोली वाढत जाते. म्हणून तिथं ८ ची मर्यादा घातलेली आहे, आणि ती ओलांडली की लॉगमध्ये 'या व्हर्च्युअल डिव्हाइसवर डेड लूप आहे, ताबडतोब दुरुस्त करा' अशा अर्थाचा निरोप येतो. स्थिर ग्राफ कितीही चांगला काढा, हा रस्ता त्यात आपोआप दिसणार नाही.

इंटरप्टही ग्राफमध्ये नसतात, कारण त्यांना हार्डवेअर बोलावतं. त्यांचा हिशेब पुढच्या पायरीत.

६. खोली किती, आणि ती कोणाच्या हातात

सापडलेल्या प्रत्येक वर्तुळाला हे दोन प्रश्न विचारा. दुसरा जास्त महत्त्वाचा.

फ्रीवॉकची खोली हार्डवेअर ठरवतं. एसव्ही-३९ या रिस्क-फाइव्हच्या पद्धतीत पेज टेबलाचे तीन थर असतात, म्हणून कॉलही एकात एक तीनच. वापरणाऱ्यानं काहीही केलं तरी चौथा होत नाही. सगळ्यात खालच्या थरात एखादी पानाची नोंद शिल्लक सापडली तर फ्रीवॉक पॅनिक करतं.

आता शेल बघा. पार्सलाइन, पार्सपाइप, पार्सएक्झेक, पार्सब्लॉक आणि परत पार्सलाइन, असं वर्तुळ तिथं आहे. ते फिरतं उघड्या कंसावर, आणि कंस टाइप करणारा माणूस बाहेरचा. करून बघा: एक्सव्ही६च्या शेलवर नव्वदेक उघडे कंस टाइप करून एंटर दाबा. ओळीची मर्यादा १०० अक्षरांची आहे, पण एका पानाचा यूजर स्टॅक संपवायला तेवढे कंस पुरतात. कर्नल 'अनपेक्षित एसकॉज' (ट्रॅपचं कारण सांगणारं रजिस्टर) असा निरोप छापून ती प्रोसेस मारतो. पार्सिंग फोर्क केलेल्या पोरात (चाइल्ड प्रोसेसमध्ये) होतं, म्हणून मूळ शेल शाबूत राहतो. हेच कर्नलच्या आत घडलं असतं तर सगळी सिस्टिमच खाली बसली असती.

लिनक्समध्ये खोली आवरण्याचे प्रकार वाचून ठेवा, व्हायव्हात उदाहरणं लागतात. ईपोल (अनेक फाइलींवर एकदम नजर ठेवण्याची सोय) एकात एक घालण्याला मर्यादा आहे. ओव्हरले-एफएससारख्या फाइलसिस्टिम एकावर एक दोनच थर चढवता येतात. सिम्बॉलिक लिंकचा मागोवा पूर्वी रिकर्शननं घेतला जायचा आणि एकात एक ८ लिंकांची मर्यादा होती. २०१५ च्या ४.२ आवृत्तीत ते रिकर्शन काढून टाकलं गेलं. आता एका मार्गात एकूण ४० लिंक चालतात, त्यापुढे ईलूप ही एरर. म्हणजे 'लिनक्स सिमलिंक रिकर्सिव्हली सोडवतो' असं जुन्या नोट्समधून उतरवू नका. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीतला इंटरप्रीटर शोधण्याचं रिकर्शनही असंच २०२० च्या ५.८ मध्ये लूप झालं. कमिट क्रमांक का मागितला, ते आता कळलं असेल.

स्टॅकचा खर्च काढायला कंपायलरला 'स्टॅक यूसेज'चा पर्याय द्या. प्रत्येक फाइलशेजारी डॉट-एसयू फाइल तयार होते, तिच्यात फंक्शन आणि बाइट असतात. त्याआधी मेक क्लीन करायचं विसरू नका, नाहीतर जुन्याच ऑब्जेक्ट फाइल वापरल्या जातात आणि अर्ध्या एसयू फाइल तयारच होत नाहीत. आकड्यापुढे 'स्टॅटिक' लिहिलेलं असेल तर बिनधास्त धरा. 'डायनॅमिक' असेल तर आकडा अपुरा आहे.

हिशेब असा: एका फेरीतल्या सगळ्या फंक्शनांचे बाइट गुणिले कमाल खोली, अधिक वर्तुळापर्यंत पोचायचा रस्ता, अधिक वर्तुळातून खाली जाणारा सगळ्यात लांब रस्ता. एक्सव्ही६मध्ये त्यावर इंटरप्टही धरा. तो त्याच कर्नल स्टॅकवर येतो, आणि कर्नलव्हेक (इंटरप्ट आला की आधी चालणारा कोड) एका फटक्यात २५६ बाइट घेतं. त्यापुढे कर्नलट्रॅप आणि ते ज्यांना बोलावतं त्यांचे बाइट. ट्रॅप हाताळताना इंटरप्ट बंद असतात, म्हणून हे एकदाच धरायचं. ६४ बिट इंटेल-एएमडीवरच्या लिनक्समध्ये इंटरप्टसाठी वेगळा स्टॅक असतो, तिथं ही बेरीज नको.

७. चालवून पडताळा

सीपीयू एकच ठेवा, नाहीतर जीडीबीत हार्ट (रिस्क-फाइव्हच्या भाषेत सीपीयू) बदलत राहतात आणि डोकं फिरतं. एका टर्मिनलमध्ये क्यूईएमयू जीडीबीच्या पर्यायासह, दुसऱ्यात जीडीबी. फ्रीवॉकवर ब्रेकपॉइंट लावा आणि शेलवर एलएस टाका. एक्झेक जुनं पेज टेबल मोकळं करतं, त्यामुळे लगेच थांबेल. दोनदा कंटिन्यू करून बॅकट्रेस घ्या. फ्रीवॉक एकाखाली एक तीनदा दिसेल, त्याखाली यूव्हीएमफ्री. प्रत्येक फ्रेममधला स्टॅक पॉइंटर लिहून वजाबाकी करा आणि एसयू फाइलशी जुळवा. या बॅकट्रेसचा मजकूर कॉपी करून रिपोर्टला जोडा. मोबाइलनं काढलेला स्क्रीनचा फोटो नको, झेरॉक्समध्ये तो काळा पडतो.

लाईट जायच्या वेळा तुमच्या गावात ठरलेल्या असतील तर जोड्यांची फाइल आणि स्क्रिप्ट गिटमध्ये टाकूनच उठा.

८. नोंद कशी लिहायची

प्रत्येक वर्तुळाला एक नोंद. फ्रीवॉकची अशी होईल:

फंक्शन: फ्रीवॉक, कर्नल फोल्डरमधील व्हीएम डॉट सी. कमिट व कंपायलर: पान १ प्रमाणे.
प्रकार: थेट.
कुठून येतं: यूव्हीएमफ्री, ते एक्झेकच्या शेवटी आणि मेलेली प्रोसेस साफ करताना.
पुढे कधी जातं: नोंद वैध आहे, पण वाचणे-लिहिणे-चालवणे यांपैकी एकही परवानगी नाही, म्हणजे ती खालच्या टेबलाकडे बोट दाखवते, तेव्हाच.
थांबतं कशामुळे: टेबलाचे थर तीनच. पानाची नोंद सापडल्यास पॅनिक.
कमाल खोली: ३. ठरवणारं: हार्डवेअरची रचना, वापरणारा नाही.
स्टॅक: एसयू फाइलमधला आकडा गुणिले ३, अधिक केफ्रीपासून खालचा रस्ता.
पडताळणी: जीडीबी बॅकट्रेस, परिशिष्टात.
काय बदललं तर ही नोंद रद्द: एसव्ही-४८ सारखी जास्त थरांची पद्धत घेतली तर.

शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात. पुढच्या बॅचच्या पोराला मात्र तीच लागते.

पॅनिक-प्रिंटएफच्या गटासाठी 'थांबतं कशामुळे' याखाली झेंड्याचं नाव, तो लावणारी ओळ आणि तो तपासणारी ओळ, तिन्ही द्या. आणि ज्या रस्त्यांना थांबवणारं काहीच सापडलं नाही, तिथं 'सुरक्षित' असं लिहू नका, 'मर्यादा आढळली नाही' असं लिहा. बाहेरून आलेले परीक्षक बोट तिथंच ठेवतात, आणि 'मग तुम्ही काय केलंत?' म्हणून विचारतात. अशा वेळी फक्त तपासलेल्या फाइलींची यादी पुढे करायची.